मातीचा तीन मडक्यांचा कंपोस्टर: सोलापूर आणि रत्नागिरी

गेल्या अक्षय्य तृतीयेला घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करणारे दोन कंपोस्टर एकाच दुकानातून मागवले. एक सोलापुरात आमच्या गच्चीवर, दुसरा रत्नागिरीत ताईच्या मागच्या पडवीत. सोबत कल्चरची, म्हणजे कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या भुकटीची पाकिटं. ओल्या कचऱ्यावर रोज दोन चमचे भुरभुरायचं, एवढंच त्यावर लिहिलेलं.

माझ्याकडे पारा ४२वर. आठव्या दिवशी झाकण काढलं तर मेथीच्या काड्या, भेंडीची देठं कडकडीत वाळलेली. जिवाणूंना अन्नाभोवती पाण्याचा पातळ थर लागतो. तो सुकला की ते निपचित पडतात, मग वरून कितीही कल्चर घाला. रोज तांब्याभर पाणी शिंपडायला लागले. मूठ दाबली की एखादा थेंब यावा, इतपत ओल. चार दिवसांनी थर्मामीटर खोचला तर आत ४८ अंश! एवढ्या उष्णतेत सुरुवातीचे जिवाणू मागे पडतात आणि उष्णता मानवणारे पुढचं काम हाती घेतात.

आषाढात ताईचा फोन. "अगं, गटारासारखा वास येतोय. अळ्या पण झाल्यात. फेकून देऊ का?"

तिच्याकडे उलटंच झालेलं. कचऱ्यातल्या फटी पाण्याने भरल्या, प्राणवायू संपला, आणि त्याच्याशिवाय जगणारे जिवाणू माजले. सडक्या अंड्यासारखा तो वास त्यांनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइड वायूचा. पाकीट तेच, भाजीची देठंही तीच, पण मडक्यात वस्ती भलत्यांचीच. "ताई, कल्चर राहू दे. नारळाची सोडणं पिंजून घाल आणि एक दिवसाआड खालीवर कर." आठवड्यात वास गेला.

मी दुसरं पाकीट फोडलंच नाही. पहिल्या खेपेचं मूठभर खत विरजणासारखं घातलं, तितक्याच दिवसांत दुसरी खेप तयार. खालच्या मडक्यातल्या खतावर राखाडी-पांढरी जाळी धरली होती. हातात चुरलं आणि पहिल्या पावसाचा वास आला. तो अ‍ॅक्टिनोबॅक्टेरिया या मातीतल्या जिवाणूंच्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. किती वेळ हुंगत उभी होते!

मडकी जरूर घ्या. भाजलेली माती जास्तीचं पाणी शोषते, भोकांतून हवा खेळती राहते. पाकिटांवर मात्र पैसे घालवू नका. माझी खरी तक्रार सूचनापत्रकाबद्दल आहे: कोरड्या आणि दमट गावांसाठी वेगळा एक शब्द त्यात नाही. कोकणात घेणाऱ्यांनी जास्तीची ओल शोषायला पालापाचोळा पावसाआधीच जमवावा. ताईने यंदा फाल्गुनातच दोन पोती भरून माळ्यावर टाकलीत.