सांगलीतली प्रेमकथा-लेखन कार्यशाळा: पहिला दिवस भक्कम, दुसरा घाईचा

विश्रामबागेत शनिवार-रविवार भरणाऱ्या या कार्यशाळेचा विषय एकच: कथेत, एकांकिकेत किंवा मालिकेत दोघांचं प्रेम वाचणाऱ्याला पटावं कसं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते याच गावात, आणि इथे येणाऱ्यांतही एकांकिकावाले जास्त. त्याचा फायदा होतो. लिहिलेला प्रसंग लगेच उभं राहून वाचला जातो आणि खोटं वाक्य जिभेवरच अडखळतं.

पहिल्या दिवसाची सकाळ अजिबात चुकवू नये. दोन्ही पात्रांसाठी एकेक कागद करायचा: या माणसाला जोडीदाराशी संबंध नसलेली कुठली गोष्ट हवी आहे, ती हुकली तर काय बिघडेल, आणि कुठली गोष्ट तो कुणालाच सांगत नाही. बहुतेकांचा नायकाचा कागद भरतो. नायिकेच्या कागदावर ‘हसरी, मनमिळाऊ’ एवढंच उरतं. जिला स्वतःचं काही हवंच नाही, ती प्रेमापायी पणाला लावणार तरी काय? मग लेखक पाऊस आणि नजरानजर यांवर वेळ मारून नेतो. हे निदान अचूक आहे.

दुपारचा सराव सगळ्यात कसदार. प्रसंग दिलेला असतो: तासगावकडचा द्राक्षबागायतदार मुलगा, ती पुण्याला नोकरीवर रुजू व्हायला निघालेली, मिरज स्टेशनवर भेटायचं ठरलेलं. ऑक्टोबर छाटणी झालेली बाग फुलोऱ्यात आणि नेमका अवकाळी पाऊस. डाउनी हा बुरशीचा रोग यायची धास्ती, त्यामुळे पाऊस उघडल्याबरोबर ब्लोअरने (फवारणीच्या यंत्राने) औषध मारायला हवं. पहिल्या खर्ड्यात जवळपास सगळेच त्याला बाग सोडून स्टेशनवर पळवतात. मग वर्गात विचारलं जातं, की वर्षाचं पीक आणि सोसायटीचं कर्ज डोक्यावर असताना हा तिथे कुठल्या तोंडाने उभा राहील? दुसऱ्या खर्ड्यात तो जात नाही, फोन करतो. ती रागवायच्या आधी विचारते, “ब्लोअर मिळाला का?” तिला त्याचं जग आतून ठाऊक आहे, हे एवढ्यावरून कळतं. पण तिथे थांबू देत नाहीत, ते फार चांगलं. समजूतदारपणा तिच्या एकटीच्याच वाट्याला आला तर नातं एकतर्फी होतं. म्हणून त्याने ती हुकलेली भेट पुढे कधी आणि कशी भरून काढली, तो प्रसंग लिहूनच कागद जमा करायचा.

संवादाच्या तासाला दहा वाक्यांची मर्यादा, दोघांच्या हातात काम (बेदाणा निवडणं, हिशोब लावणं) आणि ‘प्रेम’, ‘मन’, ‘भावना’ हे शब्द वर्ज्य. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आधी कोण येतं आणि कुणासमोर परत ‘तुम्ही’ होतं, याची खूण समासात करायला लावतात. सराव छोटा आहे, पण घरी पुन्हा पुन्हा करावा असा.

दुसरा दिवस मात्र घसरतो. एका फोनने मिटेल असा गैरसमज कथेचा कणा होऊ शकत नाही, हे सांगतात; मग भांडण कशावर उभं करायचं ते करून दाखवत नाहीत. वरच्याच जोडीचं घ्या: तिला पुण्यातली नोकरी सोडायची नाही, त्याला बाग सोडता येत नाही. दोघांचंही बरोबर आहे, म्हणून ते भांडण पानभर टिकतं. हे उदाहरण हाताशी असून वापरलं जात नाही. मालिकेच्या तासातही तीच घाई. रोजच्या अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती वगळून वीस-बावीस मिनिटं उरतात, तेव्हा दुरावा लांबवणं भागच असतं. पण प्रत्येक समेटानंतर दोघं आधीपेक्षा वेगळ्या जागी यायला हवेत, नाहीतर बघणारा उठून जातो. यावर एकही सराव नाही.

सगळ्यात मोठी उणीव घरच्यांची. जात, भावकी, लग्नाची बोलणी हे सगळं पाऊण तासात उरकतात आणि आईवडिलांना नुसतं आडवं येणारं पात्र करून सोडतात. आपल्याकडच्या प्रेमकथेत वडिलांच्या विरोधामागेही त्यांची एक भीती असते. तिसरा कागद त्यांच्यासाठी हवाच.

शुल्कात दोन्ही दिवसांचं जेवण धरलेलं आहे. वर्ग मोठा असल्याने सगळ्यांचं लेखन वाचलं जात नाही. म्हणून हजार-दीड हजार शब्दांचा खर्डा आधीच घेऊन जावा आणि शनिवारी सकाळीच नाव नोंदवावं. कादंबरीवाल्यांना एवढा वेळ अपुरा पडेल. कथा आणि एकांकिका लिहिणाऱ्यांनी जरूर जावं.