पॅनल लागल्यानंतरचे नऊ महिने: आमच्या शाळेचा अनुभव

जूनच्या शेवटी आमच्या शाळेत ६५ इंची इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, लागलं. आता मार्च संपत आलाय. मधल्या काळात तालुक्यातल्या चार-पाच शाळांमधून फोन आले, "बाई, आम्हीपण घ्यावं का?" फोनवर नुसतं हो-नाही सांगून भागत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमची जिल्हा परिषदेची शाळा अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात आहे. पहिली ते पाचवी, पट ८४, आम्ही तीन शिक्षक. म्हणजे जोडवर्ग, एका शिक्षकाकडे एकाच वेळी दोन इयत्ता, आलेच. ग्रामपंचायतीने पंधराव्या वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला बांधलेला नसलेल्या) निधीतून बराचसा खर्च उचलला, उरलेली लोकवर्गणी झाली. पॅनल, त्यातलं ई-साहित्य आणि शिक्षकांचं प्रशिक्षण हे सगळं एकाच सल्लागार संस्थेकडे, तीन वर्षांच्या कराराने. संस्थेचं नाव देत नाही, कारण दुसऱ्या तालुक्यात त्यांची माणसं वेगळी असतात आणि या कामात सगळं येणाऱ्या माणसावर असतं.

सुरुवातीचं प्रशिक्षण केंद्रशाळेत झालं, दोन दिवस, सात शाळांचे शिक्षक एकत्र. मेनू कुठे, पेन कसं घ्यायचं, रेकॉर्डिंग कसं करायचं हे दाखवलं, दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्रं मिळाली. पण तिसरीला वजाबाकी शिकवताना या पॅनलचं नेमकं काय करायचं, ते कुणी सांगितलं नाही. संस्थेला दर महिन्याला वापराचे तास कळवायचे होते, म्हणून जुलैत आम्ही गोष्टी आणि कविता लावून ठेवल्या. तास भरले, मुलं काही शिकली नाहीत. याचं मला फार वाईट वाटलं.

ई-साहित्य ही त्यांची सर्वांत कच्ची बाजू. सगळं हिंदीवरून केलेलं. आम्ही काटकोन म्हणतो, व्हिडिओतला आवाज म्हणतो समकोण. अपूर्णांकाला तिथे 'भिन्न'. चौथीतल्या एका मुलीने हात वर करून विचारलं, "बाई, कशापासून भिन्न?" तिचं काय चुकलं? मराठीत भिन्न म्हणजे वेगळं. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर आपल्याच पाठाचं साहित्य उघडतं. दीक्षा २०१७ पासून आहे आणि मोफत आहे. पुस्तकाला क्यूआर कोड जोडून शिकवण्याचं काम माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले गुरुजींनी जिल्हा परिषदेच्याच शाळेत करून दाखवलं आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ हा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला. त्यामुळे व्हिडिओंसाठी कुणी पैसे मोजत असेल तर मोजू नका, असंच मी सांगेन.

मग पैसे कशासाठी द्यायचे? ते मला सप्टेंबरमध्ये कळलं. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव करून आम्ही संस्थेला पत्र दिलं, की प्रशिक्षक आमच्या वर्गात पाठवा. एक तरुण सर आले, डीएड झालेले. पहिले दोन तास त्यांनी पॅनलला हातही लावला नाही, मुलांबरोबर सतरंजीवर बसून माझा तास पाहिला. मग तिसरीच्या वह्या चाळल्या. ५२ वजा २७ चं उत्तर बऱ्याच मुलांनी ३५ काढलं होतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन वजा केले होते. सर म्हणाले, "बाई, इथे अडलंय. पॅनल इथेच वापरू."

त्यांनी पॅनलवर काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्ट्या काड्या काढल्या. एका मुलाने पुढे येऊन बोटाने एक गठ्ठा ओढला, सोडला, दहा काड्या सुट्ट्यांत सरकवल्या. बाकीच्यांकडे खऱ्या काड्या आणि रबरबँड. पॅनलवर गठ्ठा सुटला की खाली सतरंजीवरही सुटायचा. "आधी सोड, मग दे," हे मुलंच एकमेकांना सांगायला लागली. दुसऱ्या दिवशी तोच तास मी घेतला, सर मागे बसले आणि नंतर मला सांगितलं की मी फळ्याकडे फार लवकर वळते. खरं होतं ते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत माझ्या वर्गात बसून कुणी हे सांगितलं नव्हतं. फेब्रुवारीपर्यंत ते सहा वेळा आले. तिसरीच्या १७ मुलांपैकी सप्टेंबरात चौघांना हातच्याची वजाबाकी येत होती, डिसेंबरात तेरांना यायला लागली. उरलेल्या चौघांमधली दोन मुलं आई-बापांबरोबर कामाला बाहेरगावी गेलेली होती, त्यांचं दुःख वेगळं आहे.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात वीज कडाडली आणि पॅनल बंद पडलं. विजेच्या दाबामुळे झालेला बिघाड करारात बसत नाही, असं उत्तर आलं. २३ दिवस पॅनल झाकून ठेवलं होतं. बसवताना शाळेचं अर्थिंग कुणी तपासलंच नव्हतं. शेवटी गावच्या वायरमनने खड्डा खणून मीठ-कोळसा भरून नवं अर्थिंग दिलं, स्टॅबिलायझर लावला. हे सगळं पॅनल लागण्याआधी करून घ्या. वीजबिलाचाही विचार करा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणारं सरकारी संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५,००० रुपये, आणि खडूपासून किरकोळ दुरुस्तीपर्यंत सगळं त्यातच.

करार आम्ही पुढे चालू ठेवतोय, पण दोन अटी लेखी घालून. वर्षाला किमान आठ वर्गभेटी, आणि त्या शक्यतो एकाच प्रशिक्षकाच्या. आमच्या सरांची दुसऱ्या जिल्ह्यात बदली झालीय, जूनमध्ये नवीन कोणी येईल. पहिला दिवस त्यांनी सतरंजीवर बसावं, असं मी आधीच कळवलंय. अपूर्णांकाचे व्हिडिओ तोवर आवाज बंद करूनच लावते. 'भिन्न' विचारणारी ती मुलगी आता पॅनलशेजारी उभी राहून अंश आणि छेद स्वतः समजावून सांगते.