पेडल स्टीलच्या दहा तारा, आठ महिन्यांनी

माझ्या पेडल स्टीलची, म्हणजे आडवी ठेवून पायाच्या पेडलांनी तारांचे स्वर बदलत वाजवायच्या गिटारची, तिसरी तार आठ महिन्यांत पाच वेळा तुटली. बाकीच्या नऊपैकी फक्त पाचवी, तीही एकदाच. म्हणून नवीन वाद्य घेणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच: तारांच्या संचाबरोबर ०.०११ इंचाच्या सुट्या तारा अर्धा डझन आणून ठेवा.

मी इथे टेक्सासमध्ये वापरलेलं ई-नाइन, म्हणजे त्या नावाच्या ठरलेल्या स्वरांत तारा लावलेलं वाद्य, घेतलं. दहा तारा, तीन पेडल, गुडघ्याने ढकलायचे चार लिव्हर. पुण्यात हवाईयन गिटार वाजवायचो, त्यामुळे बार (तारांवर सरकवायची धातूची कांडी) हातात बसलेला होता. पण इथे सर्वांत उंच स्वर पहिल्या नव्हे, तिसऱ्या तारेवर असतो, हे बोटांना पटायला महिना गेला.

ई हा सा धरला तर पहिलीपासून तारा अशा: रे, शुद्ध नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी, प. पहिलं पेडल दोन्ही ‘प’चे ध करतं, दुसरं दोन्ही ‘ग’चे शुद्ध म. बार जागचा न हलवता सा-ग-प चं सा-म-ध होतं, आणि सा तसाच वाजत राहतो! १९५४ साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या गाण्यात स्टील गिटारवादक बड आयझॅक्सने असेच स्वर पेडलने सरकवले, आणि कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलचे वादक आपापल्या गिटारींना पेडल बसवायला लागले. ते का, हे स्वतः दाबून पाहिल्यावर कळलं.

उजव्या हाताच्या नेहमीच्या पकडी (एकदम छेडायच्या तीन तारांचे गट) चार: ३-४-५, ४-५-६, ५-६-८, ६-८-१०. मोजून पाहा, पाचवी आणि सहावी तीन-तीन पकडींत येतात. त्यातही पाचवीला पहिलं आणि तिसरं अशी दोन पेडलं ओढतात. सगळ्यांत राबते ती हीच. तिसरी एकाच पकडीत आहे, पण ती सर्वांत बारीक, सर्वांत उंच लावलेली, आणि दुसरं पेडल दाबलं की चेंजरवर (तार ओढून तिचा स्वर बदलणाऱ्या भागावर) त्याच एका जागी वाकते. तिथेच तुटते.

पहिली, दुसरी, सातवी, नववी या तारा चारपैकी एकाही पकडीत नाहीत. नववीला मी तीन महिने हात लावला नव्हता, ही माझी मोठी चूक. ५-६-९ छेडून लगेच पहिली दोन पेडलं दाबली की तो कोमल नी ‘म’च्या घरी असा ओढून नेतो की आता त्याशिवाय ते वळण मला अपुरं वाटतं. पहिली-दुसरी या तारा १९६२ मध्ये पेडल स्टीलवादक बडी एमन्सने जोडल्या. तिसऱ्या पेडलने चौथीचा सा चढून पहिलीच्या ‘रे’ला येऊन मिळतो, तेव्हा दोन तारांचा एकच स्वर होतो. तो क्षण ऐकण्यासाठी मी अजून रोज दहा मिनिटं फक्त तेवढंच वाजवतो.

सातवी मात्र माझ्याकडून अजून उपाशीच राहते.

आता तिसरी तार तुटायची वाट न पाहता दर तीन आठवड्यांनी बदलतो, बाकीच्या तीन महिन्यांनी. गेल्या दोन महिन्यांत एकही तुटलेली नाही.