समुद्री टाकीचा सम्प: १० महिने, २ सम्प आणि जमिनीवरचं १९ लिटर पाणी

मे महिन्याच्या शेवटी वळिवाच्या पावसात आमच्या गोव्यातल्या फोंड्यात रात्रभर लाईट नव्हती. पहाटे साडेतीनला दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावरच्या काकी उभ्या होत्या. "पुता, वयल्यान उदक गळटा." हॉलमध्ये पाऊल टाकलं तर पायाखाली खारं पाणी. माशांच्या टाकीखालच्या कपाटाचा तळ भिजून फुगला होता आणि सम्प, म्हणजे वरच्या टाकीच्या काठावरून उतरणारं पाणी गाळणारी कपाटातली छोटी टाकी, काठोकाठ भरून वाहत होता.

माझी टाकी ४८ × १८ × २० इंच, म्हणजे साधारण २८० लिटर. दोन क्लाऊनफिश, एक गोबी मासा आणि जिवंत खडक (जिवाणूंची वस्ती असलेले समुद्री दगड). दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून ते ठेवलेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये टाकीबरोबर विक्रेत्याकडचा तयार सम्प घेतला, २४ × १२ × १४ इंच. साडेचार हजारांत मिळाला, पैसे वाचले असं वाटलं. फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी), स्किमर (फेस करून घाण काढणारं यंत्र), रिटर्न पंप (पाणी परत वरच्या टाकीत चढवणारा) सगळं बसत होतं. माणूस येऊन पंप चालू करून दाखवून गेला. पंप बंद करून मात्र त्याने दाखवलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. पुढचं सगळं रामायण तिथूनच सुरू झालं.

पंप थांबला की रिटर्नच्या नळीतून पाणी उलटं सायफन होतं, म्हणजे आपोआप खाली सम्पमध्ये ओढलं जातं. नळीचं तोंड पाण्याच्या वर येऊन हवा ओढेपर्यंत ते थांबत नाही. माझ्या नळीचं तोंड पाण्याखाली ३ इंच होतं. या टाकीत १ इंच पाणी म्हणजे १४ लिटर, म्हणजे ४२ लिटर खाली येणार. सम्प चालताना ९ इंच भरलेला, वर मोकळे फक्त ५ इंच, त्यात मावतं २३ लिटर. उरलेलं १९ लिटर जमिनीवर. हा हिशेब मी त्या पहाटे पोछा मारून झाल्यावर वहीत केला. विकत घेण्याआधी करायचा होता.

सहा महिने हे कळलं का नाही? घरात इन्व्हर्टर आहे. तास-दोन तास लाईट गेली तरी पंप चालूच. दोष झाकला गेला, आणि बॅटरी पहिल्यांदा पूर्ण उतरली त्या रात्री उघडा पडला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर आहे त्यांनी आजच मुद्दाम पंपाचं बटण बंद करून अर्धा तास सम्पसमोर बसावं.

विक्रेत्याला फोन केला. "साहेब, एवढा मोठा पंप लावल्यावर होणारच." हे उत्तर मला आजही पटत नाही. किती पाणी परत येतं ते नळीचं तोंड किती खोल आहे त्यावर ठरतं. पंप मोठा असला तर काठावरून वाहणाऱ्या पाण्याची पातळी थोडी वर राहते, इतकाच फरक. तीन दिवस वाद घातला. शेवटी त्याने निम्म्या किमतीत चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) दिला आणि विषय मिटवला.

चेक व्हॉल्व्ह बसवल्यावर मी खूश होतो. पंप बंद केला की एक थेंब परत येत नव्हता. जून-जुलैत मित्रांना सांगत सुटलो की हाच उपाय. ते मी मागे घेतो. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा लाईट गेली, पुन्हा पाणी, पुन्हा काकींचं छत. व्हॉल्व्ह उघडला तर झडपेच्या कडेला समुद्री किड्याने बांधलेली पांढरी, चुनखडीची बारीक नळी. तेवढ्याने झडप बसत नव्हती. खाऱ्या पाण्यात वाळूचा एक कणही पुरतो. दर महिन्याला उघडून साफ करणार असाल तरच लावा, आणि तरी त्याच्या भरवशावर झोपू नका.

मग जे आधीच करायचं ते केलं. एल्बो (नळीचा वाकडा जोड) कापून नळीचं तोंड पाण्याखाली फक्त अर्धा इंच ठेवलं. आता ७ लिटरच्या आसपास खाली येतं. नळीला पातळीच्या लगेच खाली सायफन तोडणारं भोकही पाडलं, पण त्यात शेवाळ धरतं, दर आठवड्याला टूथपिक फिरवावी लागते.

इतक्यावर जुना सम्पही पुरला असता, हे मान्य. तरी बदलला, कारण त्याचा रिटर्न पंपाचा कप्पा फक्त ५ इंच रुंद होता. बाष्पीभवनाचा सगळा फटका शेवटच्या कप्प्यालाच बसतो. ५ × १२ इंचांच्या कप्प्यात १ लिटर म्हणजे १ इंच. एप्रिल-मेत माझ्याकडे रोज ४ लिटर उडत होतं. संध्याकाळी ऑफिसातून यायला उशीर झाला की पंप हवा खात घरघर करायचा. पावसाळ्यात हवाच दमट, तेव्हा दीड लिटरवर भागतं.

नवा सम्प ओळखीच्या काचवाल्याकडून करून घेतला: ३० × १५ × १६ इंच, ८ मिमी काच, ६,२०० रुपये. चालताना ९ इंच पाणी, वर ५१ लिटरची मोकळी जागा. म्हणजे नळी पूर्वीसारखी ३ इंच खोल असती तरी मावलं असतं. रिटर्नचा कप्पा १० इंच. कपाटाचा फुगलेला तळ मेस्ताने (सुताराने) बदलून दिला. जुना सम्प टाकवला नाही, नवीन मासा आणला की दोन-तीन आठवडे तिथे वेगळा ठेवतो.

अनेकजण विचारतात, गोव्यात राहून समुद्राचं पाणी का नाही? पावसात मांडवी-झुवारीचं गोडं पाणी किनाऱ्यावर उतरतं आणि क्षारता घसरते. मी आरओच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ घालतो. म्हणजे जमिनीवर गेलेल्या १९ लिटरात साडेसहाशे ग्रॅम विकतचं मीठ होतं, आणि ते मला दोनदा पुसावं लागलं.

ऑटो टॉप-ऑफ (उडालेल्या पाण्याइतकं गोडं पाणी आपोआप भरणारी यंत्रणा) लावला, पण गोड्या पाण्याचा डबा मुद्दाम २० लिटरचाच ठेवला. सेन्सर अडकून सगळं ओतलं गेलं तरी क्षारता ३५ वरून ३३ च्या आसपास येईल, मासे सोसतील. स्किमरला दहा मिनिटं उशिरा सुरू होणारा टायमर आहे. नाहीतर लाईट आल्यावर वाढलेल्या पातळीत तो कपभर घाण परत ओततो. आवाजाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कपाट बंद केलं की ऐकू येत नाही.

गणेश चवथीला पाच दिवस मूळ घरी सत्तरी तालुक्यात गेलो. लाईट गेली की आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप टाकीत सोडला आणि सम्पखाली वर्तमानपत्र अंथरलं. खाणं घालायला किल्ली काकींकडे. परतल्यावर त्या म्हणाल्या, "करंट दोन फावट गेल्लो, एकदां तर रातभर." (लाईट दोनदा गेली होती.) मी आधी कपाट उघडलं. सम्पच्या काचेवर नेहमीच्या रेषेच्या वर मिठाची एक नवी रेषा वाळलेली होती. वर्तमानपत्र कोरडं होतं. डब्यात १२ लिटर उरलं होतं.