टिश्यू कल्चर केळीरोपे: पानांपेक्षा लॉट क्रमांक पाहावा

केळीची बाग कंद लावून उभी करण्याची खानदेशातील जुनी रीत १९९० च्या दशकानंतर झपाट्याने मागे पडली. जळगावच्या जैन इरिगेशनने ग्रँड नैन वाणाची उतिसंवर्धित, म्हणजे कंदाऐवजी प्रयोगशाळेत वाढवलेली, रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि ‘टिश्यूची रोपे’ हा शब्द रावेर-यावलमध्ये घरोघरी गेला. गेल्या मृग बागेसाठी (जून-जुलैच्या लागवडीसाठी) मी ही रोपे दोन ठिकाणांहून घेतली, त्या अनुभवावर आधारलेले हे परीक्षण आहे.

किमतीपासूनच सुरुवात करतो. दीड बाय दीड मीटर अंतरावर हेक्टरी ४,४४४ रोपे बसतात. एका रोपाला १५ ते २० रुपये धरले, तर केवळ रोपांचाच खर्च ६५ ते ९० हजारांच्या घरात जातो. घरच्या बागेतले कंद जवळपास फुकट मिळत असताना हा खर्च का करावा, याचे उत्तर कापणीच्या वेळी मिळते. कंदांची बाग पुढे-मागे निसवते, म्हणजे घड बाहेर टाकते, आणि कापणी रेंगाळत जाऊन साधारण १६ ते १८ महिने जमीन अडते. टिश्यूची बाग व्यवस्थापन नीट असेल तर ११ ते १२ महिन्यांत, आणि मुख्य म्हणजे बरीचशी एकाच वेळी, कापणीला येते. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यातून आखाती देशांत केळी जाऊ लागली, त्यामागे ठिबक, पॅकहाउस आणि शीतसाखळी यांच्याइतकाच या एकसारखेपणाचा वाटा आहे, कारण सारख्या जाडीची फळे एकदम मिळाल्याशिवाय कंटेनर भरत नाही.

मात्र सगळी रोपे सारखी नसतात. प्रमाणित प्रयोगशाळेच्या रोपांबाबत माझी तक्रार नाही: फूटभर उंची, पाच-सहा पाने, पिशवीत पांढरी मुळे, आणि मर नगण्य. दुसऱ्या, स्थानिक रोपवाटिकेची रोपे दिसायला उलट अधिक टवटवीत होती; पुढे त्यांतली काही खुजी राहिली आणि काहींची पाने चट्टेरी निघाली. कंदाच्या कोंबाचा शेंडा निर्जंतुक माध्यमात वाढवून त्याचे तुकडे पुन्हा पुन्हा विभागताना फेऱ्यांची मर्यादा पाळली नाही, तर असे विचित्र नमुने वाढतात. ही शिस्त पाळली की नाही, हे पिशवीतल्या रोपाकडे पाहून कोणालाही कळणार नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये सुरू केलेली प्रमाणीकरण व्यवस्था मला अनुदानापेक्षा महत्त्वाची वाटते. तिच्यात मातृरोपांची आणि तयार रोपांची विषाणूंसाठी तपासणी होते.

विक्रेते एक गोष्ट मोघम सांगतात. ‘रोगमुक्त’ म्हणजे रोगप्रतिकारक नव्हे. कुकुंबर मोझॅक विषाणू, आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात, मावा किडीमार्फत पसरतो आणि कोवळ्या टिश्यूच्या रोपांना कंदांपेक्षा लवकर गाठतो. बागेत याच विषाणूला आसरा देणाऱ्या काकडी, भोपळा किंवा मिरचीचे आंतरपीक घेणाऱ्याने मग प्रयोगशाळेला दोष देऊ नये. सगळी ग्रँड नैन झाडे जनुकीयदृष्ट्या जवळपास एकच असल्याने मोठा धोका वेगळाच आहे: बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेला पनामा मर या बुरशीजन्य रोगाचा टीआर-४ प्रकार मातीतून येतो आणि त्यापुढे हे वाण टिकत नाही. नव्या वाणांवरील संशोधनात पैसा घालण्याची गरज इथे आहे, रोपवाटिकांच्या संख्येत भर घालण्याची नव्हे.

ठिबक, विद्राव्य खते आणि एप्रिल-मेच्या उष्ण वाऱ्यांपासून आडोसा यांची तयारी असलेल्याने ही रोपे जरूर घ्यावीत. पाटपाण्यावर जुन्याच पद्धतीने बाग करायची असेल तर हे पैसे वाया जातील. मागणी लागवडीच्या काही महिने आधी नोंदवावी, बिलावर प्रयोगशाळेचे नाव आणि लॉट क्रमांक (रोपे कोणत्या तुकडीतली आहेत ते सांगणारा) लिहून घ्यावा, आणि विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करत असेल तर दर कितीही कमी असला तरी रोपे गाडीतून उतरवून घेऊ नयेत.