एअर-कूल्ड १६०० इंजिनाला हेड गॅस्केट घालावे का: सोलापूरच्या रस्त्यांवरील आठ महिन्यांचा अनुभव

माझ्या १९७० च्या फोक्सवॅगन बीटलचे १५८४ सीसीचे इंजिन मी दोनदा बांधून घेतले. पहिल्या वेळी सिलिंडर आणि हेड (सिलिंडरवरचे झाकण) यांच्यामध्ये फट बुजवणाऱ्या तांब्याच्या गॅस्केट रिंगा होत्या, दुसऱ्या वेळी त्या नव्हत्या. गॅस्केटशिवाय बांधलेले इंजिन आता आठ महिने चालवल्यावर माझे मत पक्के झाले आहे: हेडची बैठक, म्हणजे सिलिंडर जिथे टेकतो ती जागा, सपाट असेल, तर गॅस्केट घालू नये.

पहिल्या वेळी आमच्या मेस्त्रींनी आग्रहाने ०.७५ मिलिमीटर जाडीच्या रिंगा बसवल्या. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला गॅस्केट लागतेच, त्यामुळे गॅस्केटविना हेड आवळणे त्यांच्या हाताला पटत नव्हते. परंतु या इंजिनात हेडमधून ना पाणी वाहते ना वंगणाचा दाब जातो; तेथे अडवायचा असतो तो केवळ ज्वलनाचा वायू, आणि बिडाच्या सिलिंडरची कड ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये थेट टेकून तो अडवते. कंपनीची मूळ रचनाच तशी आहे. शिवाय रिंगेमुळे ज्वलनकक्ष वाढतो. ८५.५ मिलिमीटर बोअरला (सिलिंडरच्या आतल्या व्यासाला) ०.७५ मिलिमीटर म्हणजे सुमारे ४.३ सीसी, आणि त्यामुळे ७.५ चे कॉम्प्रेशन गुणोत्तर (आतले मिश्रण किती पट दाबले जाते ते) जवळपास ७.१ वर येते. गाडी सुरुवातीपासून थोडी जड वाटत होती, त्याचे कारण मला हे गणित मांडल्यावर कळले.

सुमारे २,६०० किलोमीटरनंतर, ऐन मे महिन्यात, तुळजापूरचा घाट चढताना इंजिनाच्या ठेक्यात ‘चिक्-चिक्’ असा आवाज येऊ लागला. सिलिंडरमधला दाब मोजणारा कॉम्प्रेशन गेज लावला तेव्हा तीन सिलिंडर १०५ ते ११० पीएसआय दाखवत होते आणि तिसऱ्या क्रमांकाचा मात्र ७५. माझ्या इंजिनात ऑइल कूलर पंख्याच्या जुन्या पद्धतीच्या कव्हरच्या आतच आहे, म्हणून त्यातून तापून आलेली हवा नेमकी तिसऱ्या सिलिंडरवर येते; सर्वांत गरम तोच असतो. हेड काढले तेव्हा रिंगेवर आतून सिलिंडरच्या बाहेरच्या, उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पंखांपर्यंत काजळीची काळी रेघ उमटलेली होती. त्याआधी नट तपासले, तर २३ फूट-पौंडांवर आवळलेले काही नट १५-१६ वरच सरकत होते. मऊ तांबे वारंवार तापून-निवून दबले आणि आवळ सैल पडली, असा मी त्याचा अर्थ लावतो.

दुसऱ्या वेळी खरी मेहनत बैठकीवर घेतली. प्रत्येक सिलिंडर त्याच्याच जागी बारीक व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावून, हाताने पुढे-मागे फिरवत, हेडमध्ये एकसारखा अखंड राखाडी पट्टा उमटेपर्यंत घासला आणि नंतर पेस्टचा कणही राहू नये म्हणून सर्व भाग रॉकेलने धुतले. एका हेडखालच्या दोन्ही सिलिंडरांची उंची सारखी आहे हे मोजून घेणे फार महत्त्वाचे आहे, कारण एक किंचित बुटका असला तर त्याच्यावर भार येतच नाही आणि मग कितीही आवळून उपयोग नसतो. डेक हाइट, म्हणजे पिस्टन वर आल्यावर सिलिंडरच्या कडेपासून राहणारे अंतर, १.२ मिलिमीटर भरले. ते वाढवायचे असते तर पत्रा सिलिंडरच्या तळाशी, क्रँककेसच्या बाजूला घातला असता. त्या तळाचे पातळ गॅस्केट तेलासाठी असते. ते मात्र गाळू नये.

हेड आधी ७ आणि मग २३ फूट-पौंडांवर, ठरलेल्या क्रमाने आवळले. हा आकडा १० मिलिमीटर स्टडचा (हेड धरून ठेवणाऱ्या आट्यांच्या दांड्याचा) आहे. ८ मिलिमीटरला १८ पुरेत.

त्यानंतर गाडी अक्कलकोट, पंढरपूर आणि दोनदा पुण्याला जाऊन आली. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) थंड इंजिनावर ०.१५ मिलिमीटरला लावतो, आणि अडीच लिटर तेल दर २,५०० किलोमीटरला बदलतो. गेल्या आठवड्यात चारही सिलिंडर पुन्हा मोजले: ११८, ११५, ११२, ११६. तिसरा अजूनही सर्वांत कमी आहे, परंतु आठ महिन्यांत त्याचा आकडा घसरलेला नाही.

हेड यापूर्वी खोल कापले गेले असेल आणि कॉम्प्रेशन फार वाढत असेल, तरीही मी आधी तळाच्या पत्र्याचाच विचार करेन. आणि बैठकच वायूने खणली गेली असेल, तर रिंग घालून ती झाकण्यापेक्षा हेड लेथवर नेऊन नीट करून घेईन.