‘डोळे झाकून टाकीत सोडा’: क्वारंटाइन केलेल्या प्रवाळांच्या नावाखाली झालेली फसवणूक

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी गेल्या चार वर्षांपासून अडीचशे लिटरची समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि प्रवाळ ठेवायची काचेची टाकी, आहे. समुद्र इथून घाट उतरून पलीकडे असल्यामुळे खारे पाणीसुद्धा घरीच, आरओच्या पाण्यात समुद्री मीठ कालवून करावे लागते, आणि प्रवाळ तर मुंबई-पुण्याच्या विक्रेत्यांकडून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवण्यावाचून गत्यंतर नसते. ज्यांना दुकानात जाऊन, टाकीसमोर उभे राहून, प्रत्येक तुकडा निरखून घेता येतो त्यांच्यापेक्षा आपण गावाकडचे लोक विक्रेत्याच्या शब्दावर जास्त अवलंबून असतो. माझी फसवणूक नेमकी त्याच ठिकाणी झाली, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

मार्च महिन्यात एका विक्रेत्याशी माझे फोनवर बोलणे झाले. मला झोआंथिड आणि मशरूम या सांगाडा नसलेल्या प्रवाळांचे काही फ्रॅग, म्हणजे मोठ्या प्रवाळातून कापलेले छोटे तुकडे, हवे होते. सुरुवातीलाच त्याने ‘कागद नाहीत, पण माल एक नंबर आहे’ असे सांगत कठीण, म्हणजे दगडासारखा सांगाडा असलेले, प्रवाळही देऊ केले, तेव्हा मी स्पष्ट नकार दिला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व कठीण प्रवाळांचा समावेश आहे, आणि समुद्रावर प्रेम असणाऱ्याने तो कायदा मोडून टाकी सजवावी हे मला मान्य नाही. जो माणूस इतक्या सहजपणे बेकायदेशीर माल देऊ करतो त्याच्या इतर शब्दांवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न मी तेव्हाच स्वतःला विचारायला हवा होता.

तो मी विचारला नाही, कारण त्याची भाषा जाणकाराची होती. प्रत्येक फ्रॅग आयोडीनच्या द्रावणात दोनदा डिप केलेला, म्हणजे कीड मारण्यासाठी बुडवून काढलेला, आहे आणि मासे नसलेल्या वेगळ्या टाकीत ७६ दिवस क्वारंटाइनमध्ये ठेवलेला आहे, असे त्याने सांगितले. या छंदात ७६ दिवसांना अर्थ आहे. माशांना पांढरे ठिपके आणणारा समुद्री इचचा परजीवी आपल्या आयुष्याचा काही काळ दगडाला किंवा प्लगला (फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या छोट्या बैठकीला) चिकटलेल्या कोषात काढतो, आणि तेवढे दिवस मासा मिळाला नाही तर तो संपतो, असे धरून हा आकडा पाळला जातो. हा आकडा त्याच्या तोंडून ऐकल्यावर मी निर्धास्त झालो. अकरा फ्रॅगचे साडेअठरा हजार रुपये, म्हणजे बाजारभावाच्या जवळजवळ दीडपट, मी यूपीआयने आगाऊ पाठवले. ‘सर, तुम्ही डोळे झाकून टाकीत सोडा’, हे त्याचे शेवटचे वाक्य होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पार्सल मिळाले. पिशव्यांमधले पाणी फार गार झालेले नव्हते आणि पॉलिप, म्हणजे प्रवाळाचे फुलासारखे छोटे जीव, तेही तासाभरात उघडू लागले. दोन पिशव्यांच्या तळाशी अँफिपॉड, म्हणजे कोळंबीच्या कुळातले ते बारीक जीव, उड्या मारत होते आणि ते पाहून प्रवाळ निरोगी असल्याचे मला समाधान वाटले. वास्तविक माझ्या डोळ्यांसमोरचा सर्वांत ठळक पुरावा तोच होता. परिणामकारक डिपमध्ये सर्वांत आधी मरतात ते हे नाजूक जीव. दोनदा डिप झालेल्या आणि स्वच्छ टाकीत राहिलेल्या फ्रॅगवर ते असे जिवंत, उड्या मारत असण्याचे कारण नव्हते. मी तापमान आणि पाण्याचा खारेपणा जुळवून घेतला आणि सर्व अकरा फ्रॅग सरळ मुख्य टाकीत लावले.

तिसऱ्या आठवड्यात जांभळे झोआंथिड दिवसाही मिटून राहू लागले. आधी मला अल्कलिनिटीची शंका आली, मग प्रकाशाची. पाणी तपासले, दिव्याची तीव्रता कमी केली, दोनदा पाणी बदलले, आणि या सगळ्यात दहा दिवस गेले. शेवटी मिरजेच्या एका अनुभवी मित्रांनी सांगितले, ‘दिवे मालवून दोन तासांनी टॉर्च घेऊन पाहा.’ त्या रात्री पॉलिपांच्या देठांमध्ये मला झोआंथिड खाणाऱ्या न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी, दिसल्या. त्यांच्या पाठीवरचे तंतू पॉलिपच्या स्पर्शकांसारखे दिसतात आणि ज्या प्रवाळावर त्या जगतात त्याचा रंगही त्यांच्या अंगी उतरतो, त्यामुळे दिवसा त्या समोर असूनही ओळखू येत नाहीत. दोन फ्रॅगच्या खालच्या बाजूला त्यांच्या अंड्यांची पांढरट, जेलीसारखी वेटोळी होती. शेजारच्या प्लगवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची चपटी सनडायल गोगलगाय होती, आणि तिचेही अन्न झोआंथिडच.

प्लगच्या खाचेत ऐप्टेशिया नावाचा काचेसारखा पारदर्शक समुद्रफुलाचा जीवही होता आणि तिथे मी मोठी चूक केली. चिमट्याने मी तो ओढून काढला. ऐप्टेशियाच्या तळव्याचा तुटून राहिलेला बारीकसा तुकडासुद्धा नवा जीव बनतो. एकाचे पाच झाले आणि दोन महिन्यांत चाळीसहून अधिक मोजले.

मी विक्रेत्याला फोन केला, तेव्हा तो मुळीच गडबडला नाही. ही कीड माझ्या टाकीत आधीपासूनच असणार असे म्हणून त्याने मला उपाय म्हणून चार ‘पेपरमिंट’ कोळंब्या, नऊशे रुपयांना एक याप्रमाणे, विकल्या. पेपरमिंट कोळंबी ऐप्टेशिया खाते हे खरे आहे. मात्र आलेल्या कोळंब्यांच्या लाल अंगावर ठसठशीत पांढऱ्या रेघा होत्या आणि पाठीला कुबड होते. त्या कॅमल कोळंब्या होत्या. त्या ऐप्टेशियाचा बंदोबस्त करण्याऐवजी झोआंथिड आणि मशरूम कुरतडतात. खऱ्या पेपरमिंटचे अंग फिकट, जवळजवळ पारदर्शक असते आणि तिच्यावर बारीक लालसर रेघा असतात. फरक एकदा पाहिला की विसरत नाही, पण तो पाहायच्या आत माझे वाचलेले निम्मे पॉलिप गेले होते. या दुसऱ्या व्यवहाराचा मला पहिल्यापेक्षा जास्त राग आहे, कारण माझे नुकसान त्याला माहीत असताना त्याने त्यावर पुन्हा पैसे कमावले.

पुरावा मला अपघातानेच सापडला. त्याने मार्चमध्ये व्हॉट्सॲपच्या स्टेटसला ‘आजच उतरलेला माल’ म्हणून टाकलेल्या फोटोंपैकी एक मी आवडला म्हणून जतन केला होता. त्यात कोपरा उडालेला आणि एका बाजूला गुलाबी शैवालाचा डाग असलेला एक प्लग होता. तोच प्लग, त्याच डागासह, माझ्या टाकीत होता. दोन तारखांमध्ये पाच दिवसांचे अंतर होते. मी दोन्ही फोटो त्याला पाठवले आणि काही मिनिटांत त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

बिल मी मागितले नव्हते आणि ७६ दिवसांचे आश्वासन फोनवर तोंडी दिलेले होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडेही दाद मागू शकतो, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी सांगलीच्या ग्राहकाला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. परंतु लेखी काहीच हाती नसल्याने माझी बाजू लंगडी आहे. आपण खरेदी करताना क्वारंटाइनची सुरुवातीची तारीख, वापरलेले डिप आणि किती वेळा केले, हे सर्व संदेशात लिहून घ्यावे आणि बिलाशिवाय पैसे पाठवू नयेत. निळ्या प्रकाशातले चमकदार फोटो स्वीकारू नयेत, कारण त्यात किडीही दिसत नाहीत आणि प्लगची अवस्थाही कळत नाही. पांढऱ्या प्रकाशातला, प्लग उलटा करून दाखवणारा व्हिडिओ मागावा. जो खरोखर काळजी घेतो त्याला तो पाठवायला दोन मिनिटे लागतात.

तरीही विक्रेत्याच्या डिपवर आपले संरक्षण अवलंबून ठेवू नये, असे माझे आता ठाम मत आहे. डिपमुळे बहुतेक वेळा प्रौढ कीड गळून पडते, अंडी मात्र वाचतात. त्यामुळे अगदी प्रामाणिक विक्रेत्याने एकदाच डिप केलेला फ्रॅगही आठवड्याभरात पुन्हा किडीने भरू शकतो. मी आता फ्रॅग आल्यावर प्रथम तो मूळ प्लगपासून कापून वेगळा करतो आणि नव्या प्लगवर चिकटवतो, कारण ऐप्टेशिया आणि अंडी बहुधा जुन्या प्लगच्या खाचांतच असतात. मग टाकीच्याच पाण्याच्या भांड्यात बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे डिप घालून, पिचकारीने पाण्याचे फवारे मारत, दहा-पंधरा मिनिटे ठेवतो. दुसऱ्या भांड्यात धुतो. ते पाणी फेकून देतो. अंडी दिसली तर चिमट्याने खरवडतो. हाच क्रम दर आठवड्याला, किमान चार वेळा.

एक गोष्ट विशेष कळकळीने सांगतो. वैतागाच्या भरात मी किडलेला दगड उकळत्या पाण्यात टाकायला निघालो होतो आणि त्याच मित्रांनी मला फोनवर थांबवले. झोआंथिडांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. असे दगड उकळले किंवा गरम पाण्याने घासले तर वाफेवाटे ते श्वासात जाऊन घरातली सगळी माणसे रुग्णालयात पोहोचू शकतात. हातमोजे आणि चष्म्याशिवाय झोआंथिड कापू नयेत, आणि हाताला जखम असेल तर त्या दिवशी ते काम करूच नये.

मागच्या गॅलरीत आता चाळीस लिटरची साधी टाकी आहे: छोटा हीटर, स्पंज फिल्टर, एक दिवा, मासे नाहीत. जांभळ्या झोआंथिडांचे उरलेले चौदा पॉलिप तिथे आहेत. रविवारच्या पाचव्या डिपमध्ये भांड्याच्या तळाशी भिंग लावून पाहिले, काही पडलेले नव्हते. मुख्य टाकीत अजून ऐप्टेशिया आहेत, म्हणून ७६ दिवस पूर्ण झाले तरी ते पॉलिप मी इतक्यात तिकडे हलवणार नाही.